आत्या, भाचा आणि आर्त्वाची जहागीर: ऐकून संपवलेल्या एका ऑडिओ कोर्सबद्दल

आधीच सांगून टाकते, स्टार द्यायचे झाले तर पाचपैकी साडेतीन, आणि त्यातले दोन एकट्या सातव्या भागाचे. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर सातवा भाग तेवढा ऐका आणि ॲप काढून टाका.

झालं असं, यंदा भाऊबीजेला भावाने नेहमीसारखं पाकीट ठेवलं ताटात, आणि भाच्याने म्हणजे त्याच्या पोराने पुण्याहून येताना ते कानात घालायचे बड्स आणले, वर एका ऑडिओ ॲपचं तीन महिन्यांचं सबस्क्रिप्शन भरून दिलं. म्हणाला, आत्या तू रोज सकाळी चार भिंतीला (आमच्या साताऱ्यातली डोंगरावरची जागा) जातेस, येताना-जाताना काहीतरी ऐकत जा. मी म्हटलं मी काय ऐकणार बाबा, अभंग ऐकते तेवढे बास. तर म्हणे थांब, तुझ्याच धंद्यातलं लावून देतो, एक फ्रान्सची बाई आहे सातशे वर्षांपूर्वीची, तिच्या भाच्याने तिच्यावर जमिनीचा दावा लावला आणि ती मरेपर्यंत चालला. असं म्हणून हसला. मी पण हसले. भाऊ मात्र पाकिटाकडे बघत बसला होता, का ते पुढे सांगते.

माझा धंदा म्हणजे टायपिंग. कोर्टाच्या आसपास एका वकिलांच्या ऑफिसात बावीस वर्षं बसतेय, वाटपाचे दावे, वारस नोंदीचे अर्ज, मृत्युपत्रं, आणि सगळ्यात जास्त काय टाईप केलं असेल आयुष्यात तर हक्कसोडपत्र. 'मी माझा हक्क राजीखुशीने सोडून देत आहे' हे वाक्य माझी बोटं झोपेत पण मारतील.

तर कोर्स. दहा भाग, एकेक साधारण पाऊण तासाचा, विषय आर्त्वाची काउंटेस, म्हणजे जहागीरदारीण, माहो. आर्त्वा म्हणजे फ्रान्सच्या उत्तरेचा एक परगणा, आणि त्याच्या मुख्य गावाचं नाव चक्क आरास. मला पहिल्यांदा वाटलं काहीतरी गणपतीचं चाललंय. आणि गंमत म्हणजे ते गाव खरंच भिंतीवर टांगायच्या विणलेल्या पडद्यांसाठी एवढं नावाजलेलं होतं की इंग्रजीत तसल्या पडद्यालाच आरास म्हणायला लागले. म्हणजे आपल्या आरासीशी नात्याने काही संबंध नाही, पण शोभतं.

भाषा इंग्रजी आणि हिंदी, मराठी नाही. मी आधी हिंदी लावलं आणि तिथेच पहिला अर्धा स्टार कापला. मशीनचा आवाज आहे हो तो, माणसाचा नाही. माहो हे नाव फ्रेंचमध्ये लिहितात वेगळं आणि म्हणतात वेगळं, तर ते मशीन लिहिलंय तसं वाचतं, 'महाउत'. पहिला भाग अर्धा होईपर्यंत मला वाटत होतं ही बाई हत्ती चालवते. तिच्या भाच्याचं नाव रोबेर तिसरा, ते रोमन आकड्यातलं तीन मशीनला कळत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी 'रॉबर्ट आई आई आई', जसं काही पोरगं पडलंय आणि रडतंय. चार भिंतीच्या चढावर मी एकटीच हसतेय आणि मागून येणारे मॉर्निंग वॉकवाले आजोबा मला बाजू देऊन लांबून गेले. शेवटी इंग्रजी लावलं आणि स्पीड कमी केला. इंग्रजी बाईचा आवाज चांगला आहे, शांत, फक्त ती सारखं 'पीर ऑफ फ्रान्स, पीर ऑफ फ्रान्स' म्हणते आणि मला दोन दिवस दर्गाच डोळ्यासमोर येत होता. पीर म्हणजे तिकडे एकमेकांच्या बरोबरीचे मानलेले राजाचे मोजके मोठे सरदार, आर्त्वाला तो मान १२९७ ला मिळाला. हे सगळं पहिल्या भागात एका वाक्यात सांगायला काय झालं होतं, ते थेट सहाव्या भागात सांगितलंय.

आता मूळ भानगड. ही माझ्या पद्धतीने सांगते कारण कोर्समध्ये ती तीन भागांत सांडून ठेवलीय. माहोचा आजा रोबेर पहिला, हा फ्रान्सच्या लुई नववा राजाचा सख्खा भाऊ, १२५० ला इजिप्तमध्ये मन्सुऱ्याला लढाईत मेला. तिचा बाप रोबेर दुसरा, तो आजा मेल्यावर जन्मला. बापाला एक मुलगा फिलिप आणि एक मुलगी माहो. फिलिप लढाईत जखमी होऊन १२९८ ला गेला, मागे पोरगं ठेवून, तोच रोबेर तिसरा. मग ११ जुलै १३०२ ला कोर्त्रेच्या लढाईत शेजारच्या फ्लँडर्सच्या विणकर-कसायांच्या पायदळाने फ्रान्सच्या घोडेस्वार सरदारांना चिखलात लोळवलं, आणि मेलेल्या सरदारांचे सोन्याचे स्पर, ते घोड्याला टोचायचे, गोळा करून देवळात टांगले. माहोचा बाप तिथंच संपला. आता वारस कोण? मयत मुलाचा मुलगा की जिवंत मुलगी?

हे ऐकताना मी थांबले, बड काढला, आणि तिथंच कठड्यावर बसले. कारण हा प्रश्न आमच्याकडे आठवड्याला एक तरी येतो.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने आधी मेलेल्या मुलाचा मुलगा पण पहिल्या वर्गातला वारस, तो बापाच्या जागी उभा राहतो, त्यामुळे मुलगी आणि नातू दोघं खातात. आर्त्वाचा रिवाज वेगळा होता, तिथं बापाच्या जागी उभं राहणं हा प्रकारच नव्हता. मरणाऱ्याला रक्ताने जो जवळचा तो वारस. मुलगी एक पायरी लांब, नातू दोन पायऱ्या, म्हणजे मुलगी. संपला विषय. म्हणून माहो काउंटेस झाली, कुणाची बायको म्हणून नाही, कुणा पोराची आई म्हणून पोराच्या वतीने नाही, बापाची वारस म्हणून स्वतःच्या नावावर. नवरा होता, ओटो, तो बर्गंडीचा काउंट, तो पण त्याच सुमाराला गेला. पुन्हा लग्न तिने केलं नाही.

कोर्सवाले इथं रोबेरला एकदम खलनायक करून टाकतात ते मला पटलं नाही. पंधरा वर्षांचं पोरगं, बाप मेला, आजा मेला, आणि आत्याने सगळं घेतलं. आपल्या कायद्याने बघितलं तर त्याचा हिस्सा बसतो. माझ्याकडे आला असता तर त्याचा दावा मीच टाईप केला असता आणि वकीलसाहेब म्हणाले असते केस चांगली आहे. फक्त तो आपल्या कायद्यात नव्हता, आर्त्वाच्या रिवाजात होता, आणि तिथं तो हरला. १३०९ ला राजा फिलिप चौथाने निकाल माहोच्या बाजूने दिला, रोबेरला दुसरीकडचं थोडं उत्पन्न लावून दिलं. १३१८ ला पुन्हा निकाल, पुन्हा माहो. दोनदा हरल्यावर माणूस काय करतो ते मी बघितलंय, काही जण दारू पितात, काही जण अपिलात जातात, आणि काही जण जुना स्टॅम्प पेपर शोधतात. रोबेरने तिसरं केलं.

माहो जिवंत असतानाच त्याने आपल्या हक्काचे कागद सापडले असं सांगायला सुरुवात केली, राजा फिलिप सहावा त्याचा मेहुणा, म्हणजे वरपर्यंत वजन होतं. पण कागद खोटे निघाले. ते तयार करण्यात जान द दिव्हियों नावाची बाई सामील होती, तिला १३३१ ला जिवंत जाळलं. रोबेरला १३३२ ला देशाबाहेर काढलं, तो इंग्लंडच्या एडवर्ड तिसऱ्याकडे गेला, आणि १३३७ ला जे शंभर वर्षांचं युद्ध सुरू झालं त्याच्या कारणांमध्ये हे एक कारण सांगतात की फ्रान्सच्या गुन्हेगाराला इंग्लंडने आसरा दिला. एका वाटपाच्या दाव्यातून केवढं लचांड बघा. कागद बनवणारी जळाली आणि ज्याच्यासाठी बनवले तो परदेशी राजाच्या पंगतीला, हे मात्र कोर्सने बरोबर पकडलंय, त्या भागाचा शेवट चांगला आहे.

आता माझी मोठी तक्रार. दहापैकी पुरते तीन भाग विषावर! थंबनेलवर पण हिरवी बाटली धरलेली बाई. १३१६ ला राजा लुई दहावा अचानक गेला, मग त्याचं मागाहून जन्मलेलं बाळ पाच दिवसांत गेलं, आणि गादीवर आला फिलिप पाचवा, जो माहोचा जावई. म्हणून लोक म्हणाले सासूने विष घातलं. त्यावर रीतसर चौकशी झाली आणि १३१७ ला ती निर्दोष सुटली. हे सगळं कोर्समध्ये आहे पण निर्दोष सुटली हे तिसऱ्या विषाच्या भागाच्या शेवटच्या दोन मिनिटांत, तोपर्यंत दारं करकरतात, मांजर ओरडतं, कुणीतरी खलबत्त्यात काहीतरी कुटतंय. अहो बाई जहागीर सांभाळते आणि शत्रू म्हणतात चेटकीण, यात नवीन काय, आमच्याकडे जावेच्या नावावर विहीर लागली तरी म्हणतात करणी केली.

आणि ज्या गोष्टीवर खरं थांबायला हवं होतं तिथं पळत सुटलेत. जानेवारी १३१७, रान्सचं मोठं चर्च, फिलिप पाचव्याचा राज्याभिषेक, आणि त्याच्या डोक्यावरचा मुकुट धरणाऱ्या पीरांमध्ये माहो. बाई मुकुट धरतेय म्हणून कुजबुज झाली. पुढच्याच महिन्यात पॅरिसला सभा भरली आणि तिथं ठरलं की फ्रान्सच्या गादीवर बाई बसू शकत नाही. का ठरलं, तर लुई दहाव्याची लहान मुलगी होती, तिला बाजूला केल्याशिवाय फिलिपला गादी मिळत नव्हती. म्हणजे सासू बापाच्या जागी मुलगी म्हणून जहागीर खातेय आणि जावई मुलीला बापाची जागा मिळू नये म्हणून राजा झाला, आणि दोघं एकाच मांडवात उभे. यावर एक अख्खा भाग हवा होता. दिलीत चार मिनिटं. मी ती तीनदा ऐकली.

तिच्या मुलींची भानगड पण आहे, १३१४ ची, दोन्ही मुली राजाच्या सुना, धाकटी ब्लांश व्यभिचाराच्या आरोपात किल्ल्यात कोंडली गेली, थोरली जान चौकशीत सुटली आणि नंतर राणी झाली. तो भाग बरा आहे, रडवतो थोडा. एकुलता एक उरलेला मुलगा तरुणपणीच गेला, त्याची दगडी झोपलेली मूर्ती आईने करून घेतली, ती अजून पॅरिसजवळ सँ-दनीच्या चर्चमध्ये आहे.

आता सातवा भाग. याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

सातव्या भागात ना विष ना तलवार, नुसते हिशेब. माहोचे हिशेबाचे कागद अजून आहेत, आरासच्या सरकारी दफ्तरखान्यात, ढीगच्या ढीग. तिच्या प्रत्येक भागाचा अंमलदार वर्षातून तीनदा हिशेब द्यायचा, नोव्हेंबरात एकदा, फेब्रुवारीच्या सणाला एकदा आणि ईस्टरनंतरच्या सणाला एकदा. धान्य किती आलं, दंड किती वसूल झाला, छप्पर कुणी शाकारलं आणि त्याला मजुरी किती दिली, गरिबांना जोडे आणि कापड किती वाटलं. एदँ नावाच्या गावी तिच्या बापाने एक बाग केली होती, इटलीकडून आल्यावर, त्यात कळ फिरवली की हलणारी माकडं होती, अंगावर खरी कातडी चढवलेली. बाप गेल्यावर पोरीने ती बाग मोडली नाही, माकडांची दुरुस्ती करत राहिली आणि कातडी बदलायचा खर्च वहीत आहे. मला हे एवढं आवडलं ना. बापाची हौस होती, बाई विधवा, मागे भाचा दावा लावून बसलाय, आणि ही माकडाला नवीन कातडं घेतेय आणि पावती ठेवतेय.

आणि मग बंड. १३१४ ला फिलिप चौथा गेल्यावर आर्त्वाचे सरदार तिच्याविरुद्ध उठले, त्यात रोबेर सामील. एदँचा वाडा लुटला. तर बाईने काय केलं, काय काय गेलं त्याची यादी केली! कपडे, सामान, पुस्तकं, एकेक वस्तू, नुकसानभरपाई मागायला. पंचनामाच की हो. मी चार भिंतीवर उभी राहून टाळी वाजवायची बाकी होते. १३१९ ला ती परत आपल्या जहागिरीत घट्ट बसली ती मरेपर्यंत, २७ नोव्हेंबर १३२९. सत्तावीस वर्षं.

पण या भागात एक गोष्ट खटकली, ती म्हणजे हिशेब चोख म्हणून बाई देवमाणूस असा सूर. सरदार उगाच उठले नव्हते. तिचा उजवा हात तिएरी नावाचा कारभारी, त्याच्यावर लोकांचा भयंकर राग, बंडवाल्यांना तोच आधी नको होता, आणि हिने त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही, पुढे आरासचा बिशप झाला तो. वसुलीला कडक असणाऱ्या मालकिणीची वही स्वच्छच असते. ज्याच्याकडून वसूल झालं त्याची वही नसते, हे एवढं एक वाक्य निवेदकबाईंनी म्हणायला पाहिजे होतं.

ताराबाईंची आठवण न येता हा कोर्स साताऱ्यात ऐकताच येत नाही. चार भिंतीवरून वर बघितलं की अजिंक्यतारा, आणि तिथं ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष अजून आहेत. तिकडे आत्या आणि भाचा, इकडे काकू आणि पुतण्या. १७०० ला राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाला सात वर्षं झुंजवणारी बाई, आणि १७०७ ला शाहू महाराज सुटून आल्यावर सगळं फिरलं, जानेवारी १७०८ ला साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. कोर्सच्या शेवटच्या भागात 'जगातल्या अशा इतर स्त्रिया' म्हणून पाच-सहा नावं घेतलीत, त्यात ताराबाई नाहीत, असोत. पण फरक बघा, ताराबाईंनी एवढं केलं ते मुलाच्या नावाने, आणि पुढे १७४९-५० ला नातवाच्या नावाने, मग त्याच रामराजाला किल्ल्यावर कैदेत टाकलं आणि हा माझा नातूच नव्हे म्हणाल्या. कुणाच्या तरी नावाची आड लागायचीच. माहोच्या सहीशिक्क्याला ती आड नव्हती. म्हणून ती मोठी आणि या लहान असं मी म्हणत नाही, वेड लागलंय का, डोक्यावर किल्ला आहे माझ्या. कागद वेगळा होता एवढंच.

आता भाऊ पाकिटाकडे का बघत होता ते. वडील गेल्यावर मी पण सही करून दिली आहे. स्वतःच टाईप केलं, स्वतःच सही केली, साहेबांनी विचारलं ताई नक्की ना, मी म्हटलं नक्की. १९९४ ला आपल्या राज्याने आणि २००५ ला देशाने मुलीला हक्क दिला, २०२० ला सुप्रीम कोर्टाने उरलेली शंका काढली, हे सगळं मला तोंडपाठ, तरी सही केली. भांडण नव्हतं, जबरदस्ती नव्हती. भावाची बायको दवाखान्यात होती, त्याला पीककर्ज हवं होतं, माहेरचं दार उघडं राहावं असं पण वाटत होतं, असं सगळं. माझा राग नाही. पण भाच्याने नेमका हाच कोर्स लावून द्यावा, आणि वर हसावं, यावर मी अजून विचार करतेय की पोरगं साधं आहे की फार हुशार.

ॲपबद्दल राहिलं. डोंगरावर रेंज गेली की अडकतं, आधी डाऊनलोड करून ठेवा. मागे दहा सेकंद नेणारं बटण एवढं बारीक आहे की चालताना बोट दुसरीकडेच लागतं आणि कोर्स पहिल्यापासून सुरू होतो. सोबत एक नकाशा आणि वंशावळ दिलीय ती मात्र झकास, मी ऑफिसात प्रिंट काढून टेबलाला चिकटवली, एका पक्षकाराने विचारलं पण की हे कुठल्या गावचं कुटुंब. कस्टमर केअरला मराठीचं विचारलं तर 'आपकी राय महत्वपूर्ण है' असं उत्तर आलं, दोनदा, जसंच्या तसं.

गेल्या रविवारी लिंबला आत्तीकडे गेले होते, वडिलांची बहीण, ऐंशीच्या पुढे, तिला अर्धा बड लावून ऐकवायचा प्रयत्न केला, इंग्रजी म्हटल्यावर तिने काढून ठेवला, म्हणाली तूच सांग. सांगितलं सगळं, अंगणात शेंगा फोडत. तिला विषात रस नाही, माकडात नाही. तिचा एकच प्रश्न, बाई नाव कुणाचं लावत होती, बापाचं का नवऱ्याचं? मी म्हटलं दोन्ही, आर्त्वा आणि बर्गंडीची काउंटेस असं लिहायची, आधी बापाची जहागीर, मग नवऱ्याची. आत्ती म्हणाली, मग बरोबर, आधी बापाचंच आलं पाहिजे. मग थोड्या वेळाने, आणि तिच्या मागं? मी म्हटलं थोरल्या मुलीला गेली, ती दोन महिन्यांत वारली, मग तिच्या मुलीला. म्हणजे नातीला. आत्तीने शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, ते परत एकदा सांग, मुलीला आणि मग तिच्या मुलीला?

परत सांगितलं.

सबस्क्रिप्शन फेब्रुवारीत संपतंय, ऑटो रिन्यूअल बंद करायला विसरू नका, सेटिंगमध्ये फार आत लपवलंय. मी सातवा भाग डाऊनलोड करून ठेवलाय, पण ॲप गेलं की तो पण जातो म्हणे, त्यामुळे कुणाला बाहेर काढायची युक्ती माहीत असेल तर सांगा.